शनिवार तेल्यांची मशीद

मुंबईत लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाताना त्याच्या अगदी आधीचे स्टेशन लागते ते मस्जिदचे. मसाला, सुकामेवा आणि ठोक माल घ्यायला जाणारे आमच्याकडचे व्यापारी त्याला मशीद बंदर म्हणतात. आजूबाजूला मिनार दिसतात, अजान ऐकू येते, म्हणून नाव कुठून आले हे कुणी विचारत नाही. पण जाणकारांचे म्हणणे असे की स्टेशनाला जिचे नाव मिळाले ती मशीद मुसलमानांची नव्हे. तिथून जवळच मांडवीच्या गल्लीत ज्यू लोकांचे एक प्रार्थनागृह आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने ते १७९६ मध्ये उभारले आणि १८६० मध्ये सध्याच्या जागी नव्याने बांधले. हे लोक आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. पुढे दुसरे प्रार्थनागृह झाले तेव्हा पहिल्याला ‘जुनी मशीद’ आणि दुसऱ्याला ‘नवी मशीद’ अशी नावे पडली.

जुनी मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले. बेने इस्रायल घरांतून सांगितली जाणारी हकिगत अशी की कैद्यांना मृत्यूची शिक्षा झाली, तेव्हा त्यांना त्यांची जात-धर्म विचारण्यात आला. दिवेकरांनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. ते टिपूंच्या मातोश्रींच्या कानावर गेले. बनी इस्राईलचे नाव त्या रोज कुरआनात वाचत होत्या, पण त्यांच्यापैकी माणूस कधी पाहिला नव्हता. त्यांनी मुलाकडे रदबदली केली आणि दिवेकरांचा जीव वाचला. सुखरूप घरी पोचलो तर अल्लाहचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता. त्या घराचे हिब्रू नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे रहमतीचा दरवाजा. रहामीम आणि रहमत यांचे मूळ एकच आहे, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ही हकिगत आम्ही घरात अनेकदा ऐकली होती. पण यवतमाळ जिल्ह्यातून उठून कोकणात ज्यूंची प्रार्थनागृहे पाहायला जाण्याचे कारण वेगळे होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावची मशीद जुनी आहे. सागवानी खांब, चुन्याच्या भिंती, वर कौले. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळते. मुले नोकरीधंद्यासाठी नागपूर-पुण्याला गेल्यामुळे फज्रला एक सफही धड भरत नाही. गेली दोन वर्षे कमिटीत एकच वाद चालू आहे: जुनी पाडून स्लॅबची नवी बांधावी, की आहे तीच दुरुस्त करावी? पाडण्याच्या बाजूने बोलणारे जास्त आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. कौल बसवणारा माणूस आता पंचक्रोशीत शोधावा लागतो. अशातच पनवेलला राहणारे आमचे मेहुणे म्हणाले, “ज्यांच्याकडे नमाजींचीच वानवा आहे, त्यांनी शंभर-दीडशे वर्षांच्या इमारती कशा उभ्या ठेवल्या ते एकदा येऊन पाहा.” दिवाळीच्या सुट्टीत दादी आणि दोन्ही मुलांना घेऊन धामणगावहून गाडी पकडली.

गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबागकडे. वाटेवर समुद्राच्या बाजूला नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी, सुमारे दोन हजार वर्षांमागे, त्यांच्या पूर्वजांचे जहाज इथल्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे बुडाले. वाहून आलेले मृतदेह गावकऱ्यांच्या मदतीने पुरले गेले, एका उंचवट्याखाली पुरुष आणि दुसऱ्याखाली बायका. ते कबरस्तान आजही आहे. समाजाने तिथे एक स्मारकस्तंभ उभा केला आहे. जुन्या कबरींवर नाव नाही, तारीख नाही, नुसते दगड. आमच्याकडच्या कच्च्या कबरी अशाच असतात. दादींनी तिथे उभ्या उभ्या काहीतरी पुटपुटले. काय, ते आम्ही विचारले नाही.

वाचलेल्या सात कुटुंबांजवळ किताब उरली नव्हती. ती समुद्रात गेली होती. आठवणीत जे होते तेवढे त्यांनी जपले. मुलाची सुंता आठव्या दिवशी. शनिवारी काम बंद. ज्या माशाला खवले आणि पर नाहीत तो खायचा नाही. आणि ‘शेमा’, म्हणजे अल्लाह एकच आहे याची ग्वाही देणारे हिब्रू वचन, पाठ असायचे. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आमच्या वऱ्हाडात तेलघाणी कोणाला नवी नाही; हे नाव ऐकून धाकट्याला भारी मौज वाटली.

शेकडो वर्षे हे लोक कोकणच्या गावांत असेच राहिले. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, आवासकर, चौलकर अशी शंभराहून अधिक गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून घेतली. कोकणी मुसलमानांतही हीच रीत आहे. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू बाहेरून आला. परंपरा सांगते की त्याने बायकांना मासे निवडायला दिले; त्यांनी खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडून त्यांना शिकवले. लग्ने लावणाऱ्या आणि तंटे सोडवणाऱ्या या घराण्यांना नाव पडले काजी. प्रार्थनागृह मशीद आणि धर्मगुरू काजी: मराठी मुलखात इबादतीची भाषा त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतली, आणि शेजारी आम्ही होतो.

अलिबागला ज्या वस्तीत हे लोक राहत तिला इस्रायल आळी म्हणतात. खुद्द अलिबागच्या नावावर दोघांचा हक्क आहे. इंग्रजी आमदानीतले गॅझेटिअर म्हणते की अली नावाच्या धनिक मुसलमानाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, म्हणून अलिबाग. बेने इस्रायल म्हणतात, तो अली आमचाच, मूळचा एली. विहिरीचे पाणी दोघांनीही प्यायले असणार. आम्ही हा वाद तिथेच सोडला.

इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ आहे. नावाचा अर्थ पूर्वजांची ढाल. पहिले बांधकाम १८४८ चे, आजची इमारत १९१० ची. आधी फोनवर विचारून गेलो होतो. २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी कुलाब्यातल्या ज्यूंच्या केंद्रातही माणसे मारली, तेव्हापासून अशा ठिकाणी चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. त्याच वेळी मुंबईच्या मुस्लिम जमातीने त्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला नकार दिला होता. इमारत दाखवणाऱ्या काकांनी ही आठवण स्वतः काढली. आम्ही यवतमाळहून आलो हे ऐकून म्हणाले, “एवढ्या लांबून? बसा आधी, पाणी घ्या.”

डोके झाकून आत जायचे. आम्ही खिशातल्या टोप्या काढल्या, काकांकडेही टोप्या तयार होत्याच. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी ठोकलेली असते. तिच्यात तौरातमधली वचने लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो. येणारा-जाणारा तिला बोट लावून ते ओठांना लावतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही. मधोमध कठडा असलेला लाकडी चौथरा, त्यावर उभे राहून किताब वाचतात. पश्चिमेच्या भिंतीत कपाट, पुढे पडदा. तौरातच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या त्यात ठेवतात. कपाटासमोर अखंड तेवणारा दिवा. बायकांची जागा वेगळी, बहुतेक ठिकाणी माडीवर. मुलीने विचारले, “यांचाही किबला पश्चिमेलाच?” काका म्हणाले, “आमचे तोंड जेरुसलेमकडे.” तेव्हा दादींनी तिला सांगितले की हिजरतीनंतर सोळा-सतरा महिने आपल्या रसूलुल्लाहांनी (स.) नमाज बैतुल मकदिसकडेच तोंड करून अदा केली होती. शाळेतल्या मुलीला ही गोष्ट दिनियातच्या पुस्तकात वाचून जेवढी समजली नव्हती, तेवढी त्या भिंतीसमोर समजली.

एका बाजूला रिकामी खुर्ची होती. तिच्यावर कोणी बसत नाही. ती एलियाहू हनबींची, म्हणजे आपल्या हजरत इलियास अलैहिस्सलाम यांची. मुलाच्या सुंतेच्या वेळी ते हजर असतात अशी यांची श्रद्धा, म्हणून बाळाला त्या खुर्चीजवळ आणतात. काका म्हणाले की खुर्ची पुसून ठेवतो, पण बाळ आता क्वचितच येते.

सार्वजनिक नमाजसाठी यांना दहा प्रौढ पुरुष लागतात. आमच्याकडे इमाम आणि एक मुक्तदी असले तरी जमात होते. कोकणच्या गावांत आता दहाची गणती जमत नाही. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा ती भरते. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आज चार-पाच हजार. त्यांना इथून कोणी हाकलले नाही. ते स्वतः इस्रायलला गेले. तिथे गेल्यावर मात्र १९६० च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, आणि हक्कासाठी त्यांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. तिथून आजवर ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक ते काढत आले आहेत. मराठीतून मासिक चालवणे म्हणजे काय हे या मासिकाच्या घरच्यांना माहीत आहेच.

बाहेर पडताना मुलीने तो प्रश्न विचारला जो आम्ही निघाल्यापासून अपेक्षित होतो. गाझात जे चालले आहे ते रोज मोबाईलवर दिसते. लहान मुलांची कफने दिसतात. मग यांच्या इबादतगाहची आपण एवढी आस्था का करायची? प्रश्न काकांच्या कानावर गेला असेल, पण ते काही बोलले नाहीत. आम्ही तिला सूरह हजची चाळिसावी आयत आठवायला सांगितली. अल्लाहचे नाव जिथे खूप घेतले जाते अशा जागांची तिथे गणना आहे: फकिरांचे मठ, ख्रिस्त्यांची चर्चे, यहुद्यांची प्रार्थनागृहे आणि मशिदी. मशिदीचा क्रम शेवटचा आहे. या जागा जमीनदोस्त होऊ नयेत म्हणून अल्लाह एका लोकांकरवी दुसऱ्यांना आवरतो, असा त्या आयतीचा आशय. आणि एखाद्या लोकसमूहाच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, हे सूरह माइदात सांगितले आहे. गाझाच्या आईचे दुःख आमचे आहे. त्यासाठी दुवा आणि आवाज दोन्ही चालू राहतील. पण इस्रायल आळीतल्या या म्हाताऱ्याने कोणावर बंदूक रोखलेली नाही. त्याने फक्त एका खुर्चीवरची धूळ पुसली आहे. मुलीचे पूर्ण समाधान झाले असे नाही. तिच्या वयाला ते होऊही नये.

मग आम्ही काकांना आमच्या कामाचे विचारले. इमारत टिकते कशी? ते हसले. “टिकत नाही, टिकवावी लागते. दर वर्षी.” कोकणात चार महिने धो-धो पाऊस, उरलेले आठ महिने खारी हवा. मेपर्यंत कौले काढून फुटकी बदलायची. पन्हळी साफ करायच्या, कारण भिंत ओली होते ती बहुधा तुंबलेल्या पन्हळीमुळे. तुळईचे टोक जिथे भिंतीत जाते तिथे खिळा टोचून पाहायचा. लाकूड वरून धडधाकट दिसते, आणि आत वाळवीने किंवा ओलीने भुसा झालेला असतो. पांढरकवडा-टिपेश्वरकडचे सागवान पाहण्यात आमचे आयुष्य गेले. पण तुळई मधे नव्हे, टोकाला कुजते, हे आम्ही तिथे शिकलो.

दुसरी गोष्ट चुन्याची. जुन्या भिंती दगड आणि चुन्याच्या असतात. त्या पाणी शोषतात आणि उन्हात सोडतात. भिंत श्वास घेते म्हणा. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की पाणी आत कोंडते. चार पावसाळ्यांनी गिलाव्याला पोपडे धरतात, मिठाचे पांढरे डाग येतात, आणि लोक म्हणतात भिंत जुनी झाली, पाडा. खरे तर भिंत बिघडली ती दुरुस्तीनेच. ऑइलपेंटचेही तसेच. आमच्या मशिदीच्या मेहराबीला कधीतरी हिरवा ऑइलपेंट लावला आहे. पोपडे नेमके तिथेच सुटतात.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसे होते ते मुंबईत पाहायला मिळते. काळा घोड्याजवळचे ‘केनेसेथ एलियाहू’ १८८४ मध्ये जेकब ससून यांनी वडिलांच्या, एलियास ससून यांच्या, स्मरणार्थ बांधले. हे ससून बगदादहून आलेले ज्यू. त्यांच्याच ट्रस्टच्या भायखळ्याच्या जेकब ससून हायस्कूलमध्ये आज बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. केनेसेथ एलियाहूचे जीर्णोद्धाराचे काम वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झाले आणि २०१९ मध्ये इमारत पुन्हा खुली झाली. बाहेरून वर्षानुवर्षे दिसणारा फिकट निळा रंग उतरवून मूळचा पांढरा आणि गर्द निळा आणला. रंगीत काचा, लाकूडकाम, गळकी छपरे यांची एकेक करून दुरुस्ती केली. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार या कामाला मिळाला. तिथे जागतिक संस्था आणि उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाचा पैसा होता. अलिबाग-रेवदंड्याला तो येत नाही. तिथे ट्रस्ट, चार घरे आणि परदेशी गेलेल्यांची वर्गणी.

माणसेच उरली नाहीत तिथे काय करतात, याची उदाहरणे केरळात आहेत. चेन्नमंगलम या लहान गावातले प्रार्थनागृह ज्यू निघून गेल्यावर मोडकळीला आले होते. सरकारने ते दुरुस्त केले आणि २००६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. त्याच परिसरात मशीद, चर्च आणि मंदिर आहे. माळा गावच्या ज्यूंनी १९५५ मध्ये निघताना आपले प्रार्थनागृह आणि कबरस्तान लेखी कराराने पंचायतीच्या हवाली केले. अमानत म्हणतात ती हीच. कोलकात्यात ज्यूंच्या प्रार्थनागृहांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कर्मचारी करत आले आहेत. आणि इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाचे मोठे प्रार्थनागृह, ज्याचे नावही एलियाहू हनबी, छताचा भाग कोसळल्यामुळे बंद होते. तिथल्या सरकारने आपल्या खर्चाने ते सावरून जानेवारी २०२० मध्ये उघडले. त्या शहरात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ज्यू उरले होते.

पुरापुढे मात्र कोणाचे चालत नाही. २६ जुलै २००५ ला पनवेल बुडाले तेव्हा तिथल्या १८४९ च्या ‘बेथ एल’मध्ये पाणी शिरले आणि तौरातच्या गुंडाळ्यांचे नुकसान झाले. खराब झालेली तौरात हे लोक टाकत नाहीत की जाळत नाहीत. माणसासारखी दफन करतात. दादी लगेच म्हणाल्या, “आपणही कुरआनचे जीर्ण पान असेच जमिनीत ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागजवळच्या खंडाळे गावी गेलो. तिथल्या एका कातळावर खुणा आहेत. एलियाहू हनबी याच जागेवरून आकाशात गेले आणि त्यांच्या घोड्याच्या टापा दगडावर उमटल्या, असे बेने इस्रायल मानतात. याला ‘एलियाहू हनबीचा टापा’ म्हणतात. नवस फेडायला इथे मलिदा करतात. हो, मलिदाच! भिजवलेल्या पोह्यांत साखर किंवा गूळ, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा, सोबत फळे. हजरत इलियास यांच्या नावाने दुवा पढून तो वाटतात. लग्न असो, नवे घर असो, मूल परदेशी निघालेले असो, मलिदा झालाच पाहिजे. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंमध्ये हा प्रकार नाही. आमच्याकडे उरुसाला पोळी कुस्करून तूप-गुळाचा मलिदा होतो. यांनी कोकणात राहून पोहे-खोबऱ्याचा केला. नियाजच्या मलिद्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत ते असू द्या. शब्द तर दोन्ही घरांनी एकाच दुकानातून आणला आहे. पोह्यांचा मलिदा दादींनी गावी आल्यावर करून पाहिला. ओले खोबरे दारव्ह्यात महाग पडते, म्हणून सुके घातले. चव वेगळी आली, पण संपला.

अलिबागहून दक्षिणेला चौल आणि रेवदंडा. रेवदंड्यातले ‘बेथ एल’ १८४२ चे. बेथ म्हणजे बैत, एल म्हणजे अल्लाह. नावाचा अर्थ लावायला आम्हाला शब्दकोश लागला नाही. इथे ज्यू घरे आता नावाला उरली आहेत.

चौल हेच अरबांचे सैमूर. इतिहासकार मसऊदी इथे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, येऊन गेले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान या शहरात राहतात, असे त्यांनी नोंदवले. मराठी मुलखातल्या एवढ्या जुन्या मुस्लिम वस्तीचा दाखला क्वचितच दुसरा असेल. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्यांत जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष आहेत. झाडी वाढली आहे. वाट विचारत जावे लागले, आणि ज्यांना विचारले त्यांतल्या दोघांना माहीत नव्हते. तासाभरापूर्वी ज्यूंच्या इमारतीचे काय होणार म्हणून आम्ही हळहळत होतो. इथे जे पडून होते ते आमचे होते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोटही २०२० पासून आहे. शनिवारी जाऊ नये, तो त्यांचा इबादतीचा दिवस. शुक्रवारीही सूर्यास्तापूर्वी निघावे. आधी विचारून जावे, ओळखपत्र जवळ ठेवावे, फोटो परवानगीनेच काढावा. नमाजची वेळ झाली तर अलिबागला मशीद आहे. तिथेच जागा मिळते म्हणून प्रार्थनागृहात जानमाज पसरू नये. हजरत उमर (र.) यांना जेरुसलेमच्या चर्चमध्ये नमाज पढण्याची विनंती झाली, तेव्हा पुढे मुसलमान या जागेवर हक्क सांगतील म्हणून त्यांनी ती नाकारली आणि बाहेर नमाज पढली, असे सांगतात.

गावी आल्यावर कमिटीच्या बैठकीत आम्ही पाहिलेले सांगितले. पाडण्याचा ठराव अजून मागे घेतलेला नाही, पण पुढे ढकलला आहे. तोवर खिळ्याने तुळया तपासायच्या ठरल्या. बारापैकी नऊ चांगल्या निघाल्या. तीन टोकाला कुजल्या आहेत, तेवढाच भाग कापून नवे सागवान जोडता येते असे सुतार म्हणतो. चुन्याचे काम जाणणारे एक वयस्कर मिस्त्री दिग्रसकडे सापडले. गूळ, बेलफळ घालून चुना कसा मळायचा ते त्यांना ठाऊक आहे, पण घाणीचे दगडी चाक गेली पंचवीस वर्षे अंगणात पडून आहे म्हणाले. ते ट्रॅक्टरवर घालून आणायला मोहल्ल्यातली पाच पोरे तयार झाली आहेत. कळीचा चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, म्हणून मशिदीच्या मागे टाके खोदायला घेतले आहे. जूनच्या आधी मेहराबीची भिंत तरी व्हावी, असा अंदाज आहे.